हाक न मारणारा चौदा नंबर

पत्र थोडक्यात: दीड वर्षापासून मेडिकल-सर्जिकल वॉर्डात काम करणाऱ्या एका स्टाफ नर्सचं हे पत्र आहे. रात्रपाळी, २२ रुग्ण, दोन सिस्टर. साडेनऊच्या सुमारास चार गोष्टी एकदम घडल्या. ६ नंबर, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. दुखतंय म्हणून नातेवाईक काउंटरवर येऊन ओरडत होते. ९ नंबर, मधुमेह; सव्वाआठला इन्शुलिन दिलेलं, जेवण तसंच पडलेलं, दरदरून घाम, शुगर ५८. १७ नंबरला रक्त लावून दहा मिनिटं झाली होती आणि थंडी वाजू लागली होती. १४ नंबर, न्यूमोनियाचे ७४ वर्षांचे आजोबा, दिवसभर कण्हत होते, ते आता शांत पडले होते. दुसरी सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. पत्रलेखिकेने आधी ६ नंबरला इंजेक्शन दिलं, मग १७ नंबरचं रक्त हळू करून डॉक्टरांना फोन केला, मग ९ नंबरला ग्लुकोज दिलं. १४ नंबरजवळ पोचायला दहा वाजत आले. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८६ टक्के, श्वास मिनिटाला ३२. आजोबांना आयसीयूत हलवलं. ते आता सुधारत आहेत, बाकीचे तिघेही ठीक आहेत. इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुला प्रायॉरिटी कळत नाही.” प्रश्न तीन: एबीसी (आधी श्वासनलिका, मग श्वास, मग रक्ताभिसरण) पाठ असूनही ऐनवेळी का सुचलं नाही? आधी कुणाकडे जायचं याची पक्की यादी असते का? आणि मी संथ आहे, तर ओपीडीत बदली मागू का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. ९ नंबरची शुगर तुम्हाला ठाऊक होती, १७ नंबरची थंडी दिसत होती, ६ नंबरचा आवाज तर सगळ्या वॉर्डाला ऐकू येत होता. १४ नंबरबद्दल साडेनऊला तुमच्या हातात काय होतं? “शांत पडलेत” एवढंच. मग एबीसी लावायचं कशाला? श्वासनलिका, श्वास आणि रक्ताभिसरण हा क्रम माहिती समोर असली तरच उपयोगी पडतो. तुम्ही एबीसी विसरला नव्हता. चार जणांपैकी एकाला तुम्ही पाहिलंच नव्हतं, म्हणून तो तुमच्या हिशेबात आला नाही.

म्हणून कामाचा क्रम ठरवायच्या आधी बघण्याचा क्रम लावायचा. चार ठिकाणांहून बोलावणं आलं की पहिली दोन मिनिटं कुणाचंही काम पुरं करण्यासाठी वापरायची नाहीत. चौघांवर नजर टाकायची, जाता जाता हाताने होईल तेवढं थांबवायचं, आणि मग ठरवायचं. दोन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण ६ नंबरचं इंजेक्शन ऑर्डर बघून, भरून, पडताळून, देऊन, लिहून होईपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ बाकीचे तिघे तुमच्या नजरेआड राहतात.

त्या रात्रीचा क्रम कसा लागला असता ते बघू. सर्वांत आधी १७ नंबर, कारण तिथलं पहिलं काम दहा सेकंदांचं आहे: रक्ताच्या नळीचा, म्हणजे सेटचा, रोलर क्लॅम्प (नळी दाबणारं चाक) पूर्ण बंद करणं. जे नुकसान चालू आहे आणि हाताच्या एका हालचालीने थांबतं, ते आधी थांबवावं. तुम्ही रक्त हळू केलं. हे बऱ्याच ठिकाणी होतं आणि ते धोक्याचं आहे. पहिल्या पंधरा मिनिटांतली थंडी साध्या तापाची असू शकते, पण चुकीच्या गटाचं रक्त जात असल्याचं ते पहिलं लक्षणही असू शकतं. खाटेशी उभं राहून यातलं कोणतं ते ओळखता येत नाही. चुकीच्या गटाचं असेल तर जाणारा प्रत्येक मिलिलिटर भर घालतो. म्हणून पूर्ण बंद. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढायची नाही, शीर हातात राहायला हवी. नवा सेट लावून नॉर्मल सलाईन सुरू करायची. जुन्या नळीतलं रक्त सलाईनने पुढे ढकलायचं नाही. मग बीपी, नाडी, श्वास, तापमान, कंबर दुखते का, लघवीचा रंग कसा आहे. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, पिशवीवरचा क्रमांक आणि गट पुन्हा जुळवायचे. डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवायचं. पिशवी सेटसकट जपून ठेवायची. ती कचऱ्यात गेली की तपासणीचा धागाच तुटतो.

क्लॅम्प बंद करून, रुग्णाजवळ कुणाला तरी उभं करून, तुम्ही १४ नंबरकडे जाता. हाक मारता, डोळे उघडतात पण पुन्हा मिटतात. श्वास मोजता. आता मात्र इथून हलायचं ते फक्त मदतीला हाक मारण्यापुरतं. खाटेचं डोकं वर, मास्क नीट बसलाय का, ऑक्सिजनची नळी कुठे दुमडली किंवा फ्लोमीटरवरून निसटली आहे का, सिलिंडर असेल तर काटा कुठे आहे. डॉक्टरांच्या किंवा वॉर्डाच्या लेखी सूचनेप्रमाणे ऑक्सिजन वाढवायचा आणि तिथूनच फोन. ९ नंबर त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरकडे जायला हवा: रुग्ण शुद्धीवर आहे, गिळू शकतो, म्हणून १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून पाजायचं आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा बघायची. गुंगीत असता तर तोंडाने थेंबही नाही. लेखी सूचनेप्रमाणे शिरेतून डेक्स्ट्रोज. २५ टक्क्यांचं १०० मिलि असो की ५० टक्क्यांचं ५० मिलि, ग्लुकोज दोन्हीत २५ ग्रॅमच. तसा तो असता, तर साखर १४ नंबरच्या बरोबरीने पहिल्या ओळीत आली असती. बघा, रुग्ण तोच, आकडा तोच, शुद्धीचा एक फरक आणि क्रम बदलला. तुम्ही विचारता ती पक्की यादी म्हणूनच कुणी लिहून देऊ शकत नाही.

यादीच्या जागी एक प्रश्न वापरा: याला मी दहा मिनिटं थांबवलं तर काय होईल, आणि ते नंतर भरून काढता येईल का? वेदनेचं भरून काढता येतं, जरी ती दहा मिनिटं फार वाईट गेली तरी. ऑक्सिजनशिवाय गेलेल्या दहा मिनिटांचं येत नाही.

दोन रुग्ण सारखेच गंभीर वाटत असतील, तर मी तीन गोष्टी बघायला सांगेन. जुन्यापेक्षा अचानक आलेलं आधी. अपेक्षित असलेल्यापेक्षा ज्याचं कारण कळत नाही ते आधी. आणि आकड्यापेक्षा आकडा कुठून कुठे आला ते महत्त्वाचं. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) एखादा रुग्ण ९० सॅच्युरेशनवर शांतपणे पेपर वाचत बसतो; कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी डॉक्टर लक्ष्यच ८८ ते ९२ ठेवतात. सकाळी ९८ असलेला ऑपरेशनचा रुग्ण संध्याकाळी ९३ वर आला, तर त्याच्याकडे आधी जा. ऑपरेशननंतर आतून रक्तस्राव होत असला की नाडी आधी वाढते. बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि साधारण तीस टक्क्यांच्या पुढे रक्त गेल्यावर कोसळतं. ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबू नका, शेजारची नाडी बघा. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांत नाडीही फारशी वाढत नाही. तिथे थंड पडलेले हात आणि कमी झालेली लघवी बोलतात. प्रौढ रुग्णात ती ताशी दर किलोला अर्धा मिलिलिटर तरी हवी. ती कमी दिसली तर आधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, दुमडलेला नाही ना ते पाहा.

आता १४ नंबरचा चार्ट, जो तुम्ही प्रामाणिकपणे पत्रात उतरवून पाठवलात. दुपारी २ वाजता: श्वास २०, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९५, नाडी ९६, वरचं बीपी १२४, तापमान ३७.४, शुद्धीवर. संध्याकाळी ६ वाजता: श्वास २०, चार लिटरवर ९३, नाडी ११२, बीपी ११६, तापमान तेच, शुद्धीवर. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला ‘न्यूज’ हा, बिघडत चाललेला रुग्ण वेळीच ओळखण्याचा, गुणांक त्याला लावून बघू. दुपारी: सॅच्युरेशनचा १, ऑक्सिजन चालू असल्याचे २, नाडीचा १, एकूण ४. संध्याकाळी: २, २ आणि २, एकूण ६. त्या पद्धतीत ५ ला पोचलं की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं आणि नोंदी किमान दर तासाला घ्यायच्या; ७ ला अतिदक्षतेच्या टीमला बोलवायचं. कोणत्याही एकाच नोंदीला ३ मिळाले, तरी डॉक्टरांना कळवायचं. तुम्ही रात्री पाहिलंत तेव्हा, श्वास ३२, सॅच्युरेशन ८६, नाडी १२४, बीपी १०४ आणि हाकेलाच प्रतिसाद, हे १४ होतात. म्हणजे आजोबा साडेनऊला अचानक बिघडले नाहीत. ऑक्सिजन दुप्पट करूनही सॅच्युरेशन उतरलं होतं, आणि ते सहा वाजताच कागदावर आलं होतं. तेव्हा तुम्ही ड्युटीवर नव्हता. इनचार्ज सिस्टरांच्या वाक्यात ही अर्धी गोष्ट राहून गेली.

दोन्ही नोंदींत श्वास नेमका २० आहे, याकडेही लक्ष द्या. कित्येक वॉर्डांत सगळ्या रुग्णांचे श्वास १८ किंवा २० असतात, कारण ते मोजलेले नसतात, लिहिलेले असतात. यंत्र बीपी देतं, नाडी देतं, सॅच्युरेशन देतं; श्वास तेवढा घड्याळ बघून मोजावा लागतो. नेमका तोच आकडा बहुतेकदा सगळ्यांच्या आधी हलतो, आणि रुग्ण ऑक्सिजनवर असला की सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसत राहतं. नाडी बघायला मनगट धरा, आणि ते धरूनच पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजा. श्वास मोजताय हे कळलं की माणूस तो नकळत बदलतो. २५ किंवा जास्त, ८ किंवा कमी, तर हातातलं काम ठेवा. मोजायलाही वेळ नसेल, तर पूर्ण वाक्य बोलायला लावा. “आज काय जेवलात?” याला दोन दोन शब्दांत तोडून उत्तर आलं, तर तुम्हाला कळायचं ते कळलं. कण्हणारा रुग्ण गप्प झाला, किंवा शांत रुग्ण अचानक सलाईन ओढायला, खाटेवरून उतरायला लागला, तर झोप लागली किंवा चिडचिड करतोय असं समजण्याआधी ऑक्सिजन आणि शुगर बघा. वयस्कर माणसांत जंतुसंसर्ग बळावला तरी ताप येईलच असं नाही, ३७.४ ने म्हणूनच कुणाला सावध केलं नाही.

यापुढे ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा) घेताना काउंटरवर बसून घेऊ नका, खाटेपाशी घ्या. जाणाऱ्या सिस्टरला विचारा: तुमच्या मते सगळ्यात वाईट कोण, आठ तासांत कुणाचं काय बदललं, चालू काय काय आहे, आणि कुणाचं काय किती वाजता बाकी आहे. ‘सगळे स्टेबल’ हे उत्तर घेऊ नका. मग २२ खाटांची एक फेरी, प्रत्येकी अर्धा मिनिट: बोलतो का, श्वास कसा, रंग आणि घाम, नळ्यांमधून काय जातंय आणि पिशव्यांमध्ये काय येतंय. अकरा-बारा मिनिटांत होते. औषधांची ट्रॉली या फेरीनंतर. खिशातल्या कागदावर खाटांच्या क्रमाने कामं लिहू नका. खाट क्रमांक ही भिंतीची सोय आहे. वर तीन-चार नावं ज्यांना तासाभरात पुन्हा बघायचंच आहे, खाली वेळेची कामं, त्याखाली बाकीचं.

वेळेची कामं म्हणजे कोणती, यातही घोळ होतो. इन्शुलिन, फेफऱ्याची औषधं, पार्किन्सनची लेव्होडोपा, जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका असताना अँटिबायोटिकचा पहिला डोस, ही मागे सरकवायची नसतात. जीवनसत्त्वाची गोळी तासभर उशिरा चालते, चादर बदलणं सकाळीही होतं. आणि इन्शुलिन घड्याळापेक्षा ताटाशी बांधलेलं असतं. ९ नंबरचा प्रसंग साडेनऊचा नव्हे, सव्वाआठचा होता. साधं इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास, झटपट काम करणारं जेवणाआधी पंधरा मिनिटांच्या आत. तेही ताट समोर आलंय, मळमळ नाही, खाण्याची इच्छा आहे हे बघूनच. जेवणार नसेल तर द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. त्या रात्रीच्या चार घटनांपैकी एक इथेच टळली असती.

क्रम एकदा लावून रात्रभर पुरत नाही. नवा रुग्ण आला, थिएटरमधून कुणी परत आलं, लॅबने पोटॅशियम ६.४, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आहे असं फोनवर कळवलं, की कागद पुन्हा बघायचा. त्याहून जास्त सुटतं ते आपण केलेल्या कामानंतरचं बघणं. इंजेक्शन दिलं, खूण केली, रुग्ण मनातून उतरला, असं होतं. म्हणून खुणेऐवजी पुढची वेळ लिहा: ऑक्सिजन वाढवला, ५ मिनिटांनी सॅच्युरेशन आणि श्वास, ग्लुकोज दिलं, १५ मिनिटांनी शुगर, मॉर्फिनसारखं औषध शिरेतून दिलं, १५ मिनिटांनी वेदना, गुंगी आणि श्वास. मधेच पळावं लागलं तर भरलेली सिरिंज लेबलाशिवाय ट्रेमध्ये ठेवून जाऊ नका. लेबल लावा, नाहीतर टाकून द्या आणि नंतर नवी भरा; परत आल्यावर ‘ही बहुतेक त्याचीच’ असं म्हणण्याची वेळ येऊ नये.

दोन सिस्टर असताना चारही खाटा तुम्ही एकटीनेच धावून केल्या, हे मला सर्वांत जास्त खटकलं. हाक मारणं हे तुम्हाला कमीपणाचं वाटतं का? हाक मारायची तर नावाने आणि नेमकी. “कुणीतरी ९ नंबरकडे बघा” म्हटलं की कुणीच जात नाही. “सिस्टर, ट्रॉलीला कुलूप लावून ९ नंबर घ्या, शुगर ५८ आहे, शुद्धीवर आहे, ग्लुकोज पाजा, मला आकडा सांगा” म्हटलं की काम होतं. वॉर्डबॉयला सिलिंडर आणायला, मावशींना १७ नंबरजवळ थांबून काही बदललं तर लगेच ओरडून बोलवायला सांगता येतं. रुग्ण कसा आहे हे ठरवणं मात्र सोपवू नका.

डॉक्टरांना फोन करताना “१४ नंबरला बरं वाटत नाहीये” असं सांगितलं तर “बघतो” हेच उत्तर येणार. असं सांगा: “वॉर्डातून सिस्टर बोलतेय. १४ नंबर, ७४ वर्षं, न्यूमोनिया. दुपारी दोन लिटरवर सॅच्युरेशन ९५ होतं, आता चार लिटरवर ८६, श्वास ३२, नाडी १२४, हाक मारल्यावरच डोळे उघडतात. श्वास थकत चाललाय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता इथे यायला हवं. येईपर्यंत ऑक्सिजन किती वाढवू?” मिळालेली सूचना परत वाचून दाखवा, वेळ लिहा. पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर दुसरा फोन, मग त्यांच्या वरिष्ठांना. तुमच्या रुग्णालयात तातडीची टीम असेल तर तिला थेट.

६ नंबरवर अन्याय करू नका, ही माझी विनंती आहे. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं आणि नातेवाईक घाबरलेले होते. “तुमचं ऐकलंय, आत्ता एका रुग्णाला श्वासाचा त्रास आहे, पावणेदहाला मी इंजेक्शन घेऊन येते” हे दहा सेकंदांत सांगून होतं, आणि पावणेदहाला जाणं जमणार नसेल तर कुणाला तरी पाठवून नवी वेळ कळवायची. तिथे उभ्या आहात तेवढ्यात एवढं विचारा: दुखणं कालचंच आहे की वेगळं, नवं? पोट हाताला कडक लागतं का, नाडी वाढली आहे का, ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेतून स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) अचानक ताजं रक्त आलंय का? यातलं काही असलं तर हाच रुग्ण वर सरकतो आणि नुसतं वेदनाशामक देऊन भागत नाही.

राहिला बदलीचा प्रश्न. तुम्ही संथ नाही. अर्ध्या तासात तुम्ही तीन खाटा हाताळल्या. वेग वाढवून तुम्ही ६ नंबरला आणखी लवकर पोचला असता, १४ नंबरला नाही. ओपीडी आवडत असेल तर जरूर मागा, पण या रात्रीपासून पळायला मागू नका. रांगेत बसलेल्या पन्नास जणांतही एखादा गप्प झालेला माणूस असतो.

घटनेची नोंद लिहायची राहिली असेल तर घडलं तसं, घडलं त्या वेळांसह लिहा. मागच्या नोंदींत काही बदलू नका, राहिलेलं लिहायचं तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं म्हणून आजची वेळ टाका. मग इनचार्ज सिस्टरांना एकट्या असताना भेटा आणि १४ नंबरचा चार्ट बरोबर न्या. सहाच्या रकान्यापासून सुरुवात करा: ऑक्सिजन दोनवरून चार, सॅच्युरेशन ९५ वरून ९३, श्वास दोन्ही वेळा २०. हा श्वास मोजला होता का, आणि सहाला बेरीज केली असती तर डॉक्टरांना बोलवायचं काम कुणाचं होतं, हे दोन प्रश्न त्यांना विचारा. वॉर्डाच्या चार्टवर बेरजेचा एक रकाना वाढवून मिळेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.